व्याह्यांकडून आलेले नाव

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई लंडनला असतात. जावई नायजेरियाचे, इग्बो समाजाचे आहेत आणि त्यांचे घर कॅथलिक आहे. पहिल्या खेपेस मुलीचे बाळ सातव्या महिन्यात गेले. आता महिनाभरात पुन्हा बाळंतपण आहे आणि मुलगी होणार असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले आहे. जावयांच्या आई दोन वर्षांपूर्वी वारल्या. व्याह्यांनी फोनवर सांगितले की बाळाचे नाव ‘न्नेन्ना’ ठेवायचे, कारण ‘ती परत येते आहे’. जावयांच्या थोरल्या बहिणीला सोबत ‘ओझोएमेना’ हेही नाव हवे आहे. त्याचा अर्थ म्हणे ‘पुन्हा असे न होवो’. आमचे घर माळकरी आहे. गेलेल्या बाईचे नाव कोवळ्या जिवाला द्यायचे, तिचा आत्मा बाळात आला म्हणायचे आणि झालेले दुःख जन्मभर नावात बांधून ठेवायचे, या विचाराने माझी झोप उडाली आहे. नातीचे नाव ‘मुक्ता’ असावे अशी माझी इच्छा आहे. मुलगी म्हणते, आई, तू यात पडू नकोस. मी काय करावे?
– एक आजी, नाशिक

सप्रेम नमस्कार ताई,

तुमची झोप उडाली आहे, म्हणून आधी उत्तर देते आणि मग कारणे सांगते. ‘न्नेन्ना’ या नावाला विरोध करू नका. ते मनापासून स्वीकारा आणि ‘मुक्ता’ हे नावही तितक्याच मनापासून द्या, कारण इग्बो घरात एका बाळाला अनेक नावे मिळणे हीच रीत आहे आणि त्यात आईच्या माहेरचे एक नाव असले तर कोणाचा अवमान होत नाही. ‘ओझोएमेना’बद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. त्याचा निर्णय तुम्ही घ्यायचा नाही आणि आत्याबाईंनीही नाही. ज्या आईने बाळ गमावले तिने तो घ्यायचा आहे.

या विषयाशी माझी थोडी जुनी ओळख आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला नायजेरियातील शाळांसाठी भारतातून पुष्कळ शिक्षक जात असत. त्यांच्यातच आम्ही दोघेही गेलो आणि एनुगू शहराजवळच्या एका शाळेत मी तीन वर्षे गणित शिकवले. एनुगू म्हणजे ‘डोंगरमाथा’. कोळशाच्या खाणींचे ते गाव, कोकणात शोभावी अशी तिथली तांबडी माती आणि डिसेंबरात सहाराकडून येणारा असा कोरडा धुरकट वारा, की टेबलावर बसलेली धूळ कोणती आणि खडूची भुकटी कोणती हे सांगता येत नसे. पहिल्याच आठवड्यात हजेरी घेताना एका मुलाचे नाव मला लांबलचक वाटले, म्हणून मी ते ‘अहामे’ असे तोडून पुकारले. तो उभा राहिला आणि हात मागे बांधून अदबीने म्हणाला, “बाई, पूर्ण म्हणा. अर्धे म्हटलेत तर ते हरवेल.” त्याचे नाव अहामेफुले असे होते. ‘अहा’ म्हणजे नाव, ‘म’ म्हणजे माझे आणि ‘एफुले’ म्हणजे हरवू नये. तो बापाचा एकुलता मुलगा होता. आपल्या वंशाचे नाव पुढे चालावे ही बापाची विनवणी तो मुलगा दिवसरात्र वागवत होता आणि मी ती नेमकी मधूनच तोडली होती. त्या दिवसापासून मी हजेरी सावकाश घेऊ लागले.

इग्बो नाव हे बहुधा एक पुरे वाक्य असते आणि ते वाक्य कोणाला तरी उद्देशून म्हटलेले असते. ‘केलेची’ म्हणजे देवाचे आभार मान, ‘चुक्वुएमेका’ म्हणजे देवाने फार मोठे केले, ‘इफेआन्यीचुक्वू’ म्हणजे देवाला अशक्य असे काही नाही. ‘ओन्वुबिको’ हे वाक्य थेट मृत्यूला उद्देशून आहे : मृत्यो, हात जोडतो. काही नावे शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि भाऊबंदांना ऐकवण्यासाठी असतात. ‘न्वाकाएगो’ म्हणजे पैशापेक्षा मूल मोठे, ‘न्केमदिलिम’ म्हणजे माझे ते माझेच राहो. काही आईबाप स्वतःच्याच मनाची समजूत घालतात आणि मुलीला ‘एन्दिदी’, म्हणजे धीर, असे म्हणतात. आपल्याकडे नावाचा अर्थ विचारला की पुष्कळदा संस्कृत शब्दकोश उघडावा लागतो. तिथे भाजी विकणाऱ्या बाईलाही नाव कानावर पडताच कळते, की हे मूल जन्मले तेव्हा त्या घरात काय चालले होते. जागतिक व्यापार संघटनेच्या महासंचालक ओकोन्जो-इवेआला यांचे ‘एन्गोझी’ हे नाव तुम्ही बातम्यांत ऐकले असेल. त्याचा अर्थ आशीर्वाद.

ही रीत फार जुनी आहे. इग्बो मुलखात जन्मल्याचे आणि लहानपणी पळवून गुलाम म्हणून विकले गेल्याचे सांगणाऱ्या ओलाउडा इक्वियानो यांनी १७८९ साली लंडनमध्ये आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. आपल्या लोकांत मुलांची नावे जन्माच्या वेळच्या घटनेवरून किंवा परिस्थितीवरून ठेवतात, असे त्यांनी त्यात नोंदवले आहे. मालकाने त्यांना जहाजावर गुस्ताव्हस व्हासा असे परके नाव दिले, तेव्हा त्या नावाला ते ओ देईनात आणि त्यापायी त्यांनी मार खाल्ला. तुमचे व्याही नावासाठी इतके आग्रही का आहेत, हे समजायला मला ही एक गोष्ट पुरेशी वाटते.

आता ‘न्नेन्ना’कडे येते. ‘न्ने’ म्हणजे आई आणि ‘न्ना’ म्हणजे वडील. न्नेन्ना म्हणजे वडिलांची आई. ताई, तुम्ही लिहिले आहे की गेलेल्या बाईचे नाव बाळाला देत आहेत, पण हे तुमच्या विहीणबाईंचे स्वतःचे नाव नाही, हे बाळाचे त्यांच्याशी असलेले नाते आहे. मुलगा असता आणि आजोबा गेलेले असते, तर ‘न्नान्ना’ म्हणजे वडिलांचे वडील असे म्हटले असते. आईच्या आईसाठी ‘न्नेन्ने’ आहे, आणि ‘न्नाम्दी’ म्हणजे माझे वडील आहेत, ते गेलेले नाहीत. १९६३ साली नायजेरिया प्रजासत्ताक झाला, तेव्हा त्याचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले न्नाम्दी अझिकिवे हेच नाव लावत. त्यांचे बेंजामिन हे दुसरे नाव त्यांनी तरुणपणीच सोडून दिले होते.

या नावांमागे जी श्रद्धा आहे तिला इग्बोत ‘इलो ऊवा’ म्हणतात. ऊवा म्हणजे जग आणि इलो म्हणजे परतणे. जे माणूस नीट जगले, ज्याचे अंत्यसंस्कार यथास्थित झाले, ते आपल्याच घराण्यात परत जन्म घेते अशी ही समजूत आहे. आपल्या पुनर्जन्माशी ती जुळते असे पहिल्यांदा वाटते, पण दोन्हींत मोठा फरक आहे. तिच्यात कर्माची शिक्षा नाही, चौऱ्यांशी लक्ष योनी नाहीत आणि परत येणे हे बंधन मानलेले नाही. परत यावेसे वाटणे हा त्या घराचा मान समजला जातो. शिवाय एकच आजी दोन नातींत परत येऊ शकते आणि त्याच वेळी पूर्वजांच्या मेळ्यातही असू शकते. म्हणून एक आत्मा एका देहातून निघून दुसऱ्यात शिरला असे जे चित्र तुमच्या डोळ्यांपुढे आहे, ते इथे लागूच होत नाही. बाधा म्हणजे नको असलेले कोणीतरी जबरदस्तीने घुसणे. इथे अख्खे घर दार उघडून वाट पाहत उभे आहे.

प्रत्यक्षात हे किती साध्या रीतीने वागवले जाते, ते मी पाहिले आहे. आमच्या घरमालकांची धाकटी मुलगी चार वर्षांची होती आणि तिचे नाव न्नेन्ना होते. संध्याकाळी ते कामावरून आले की तिला उचलून ‘न्ने, आज काय जेवलीस?’ असे विचारत, म्हणजे आपल्याच लेकीला ‘आई’ अशी हाक मारत. ती रुसली की घरातल्या बायका म्हणत, बघा, म्हातारीही अशीच ओठ काढून बसायची. आपल्याकडे नातीची जिवणी पाहून ‘आजीच्या वळणावर गेली’ म्हणतो, लेक रागावली की बाप तिला ‘आईसाहेब’ म्हणतो, आणि कितीतरी घरांत नातवाला आजोबांचे नाव ठेवून मग आजोबांचा मान राखायचा म्हणून त्याला दुसऱ्याच नावाने हाक मारतात. तुमच्या सासरी कोणाचे नाव असे फिरून आले आहे का, ते आठवून पाहा. बहुतेक सापडेल.

तुम्ही माळकरी आहात, म्हणून आणखी एक गोष्ट लिहिते. जन्ममरणाचा फेरा चुकावा असे आपण म्हणतो खरे, पण आपल्याच संतांनी देवाकडे मुक्ती नको, संतसंग दे आणि मग खुशाल पुन्हा गर्भवासात घाल, असेही मागितले आहे. प्रेमापोटी परत यावेसे वाटणे ही कल्पना वारकऱ्याला परकी वाटण्याचे कारण नाही. तुमच्या विहीणबाईंना नातीचे तोंड पाहायला मिळाले नाही. ती येते आहे असे त्यांचे यजमान म्हणतात, तेव्हा आपली बायको गेल्याचे दुःख ते त्यांना येते त्या भाषेत बोलत आहेत. मला तरी त्यात भिण्यासारखे काही दिसत नाही.

कॅथलिक घरात हे कसे चालते, असा प्रश्न तुमच्या मनात असणारच. चर्चची शिकवण पुनर्जन्म मानत नाही. तरीही नावे टिकली, आणि ती कशी टिकली हे समजायला ‘ची’ हा छोटा शब्द पुरतो. जुन्या इग्बो समजुतीप्रमाणे प्रत्येक माणसाची स्वतःची एक ‘ची’ असते. जन्माबरोबर आलेली, त्याच्या वाट्याचे दान सोबत आणणारी आणि त्याची पाठराखण करणारी ती एक दैवी शक्ती आहे. दैव, अंतरात्मा आणि राखणदार हे आपले तिन्ही शब्द तिच्याजवळ जातात, पण नेमका एकही बसत नाही. ती नुसते लल्लाटीचे लिहिलेलेही नाही, कारण ‘ओन्ये क्वे, ची या एक्वे’ अशी त्यांची म्हण आहे : माणूस हो म्हणाला की त्याची ची हो म्हणते. पहाट उजाडण्यालाही ते ‘ची’ हाच शब्द वापरतात, आणि रात्री निरोप घेताना ‘का ची फो’ म्हणतात, म्हणजे उजाडेपर्यंत. ‘चुक्वू’, म्हणजे परमेश्वर, हा शब्दसुद्धा ‘ची’ आणि ‘उक्वू’ मिळून झाला आहे. उक्वू म्हणजे महान.

मिशनऱ्यांचे काम इग्बो मुलखात १८५७ साली ओनित्शा इथे सुरू झाले आणि पुढे बाप्तिस्म्याबरोबर इंग्रजी नावे आली. ख्रिस्ती देवासाठी मात्र ‘चुक्वू’ आणि ‘चिनेके’ हेच शब्द वापरले गेले, त्यामुळे ‘ची’ची सारी नावे अर्थ किंचित सरकवून चर्चमध्ये बसली. ‘चिनेदू’ म्हणजे जुन्या माणसाला माझी ची मला वाट दाखवते, तर त्याच्या नातवाला देव वाट दाखवतो. जुन्या देवतांची नावे तितकी सुखरूप राहिली नाहीत. भूमातेला ते ‘आला’ किंवा ‘आनी’ म्हणतात, तिच्या नावाची नवी मुले आता विरळा. तरी सुरणासारख्या कंदाच्या, म्हणजे यामच्या, देवतेला वाहिलेल्या मुलाचे ‘न्जोकू’ हे नाव आज नेमाने चर्चला जाणाऱ्या घरांचे आडनाव होऊन बसले आहे. लेखक चिनुआ अचेबे यांचे उदाहरण तर फारच बोलके आहे. १९३० साली मिशनच्या शिक्षकाच्या घरी ते जन्मले आणि त्यांचा बाप्तिस्मा अल्बर्ट चिनुआलुमोगू या नावाने झाला. विद्यापीठात गेल्यावर त्यांनी अल्बर्ट टाकले आणि ‘चिनुआलुमोगू’ ठेवले, ज्याचा अर्थ ‘माझ्यासाठी ची लढो’ असा होतो. तुमच्या व्याह्यांच्या घरी रविवारी चर्च आणि नावात न्नेन्ना हे दोन्ही एकत्र नांदते ते याच वाटेने. गळ्यात माळ आणि देव्हाऱ्यात कुलस्वामिनीचा टाक असे आपलेही चालतेच.

आता ‘ओझोएमेना’. तुम्हाला खुपले ते हेच नाव आहे असे मला पत्र वाचताना वाटत राहिले. ‘ओझो’ म्हणजे दुसरे, पुढचे. ‘एमेना’ म्हणजे न घडो. घरात अकाली मृत्यू झाला की पुढच्या बाळाला हे नाव देतात. ते अशुभ नाही, ती प्रार्थना आहे. मुले जगत नसत तेव्हा आपणही धोंडू, दगडू, भिकू, केरू अशी नावे ठेवलीच. आपण बाळाला दगडाच्या किंवा केराच्या नावाआड लपवले, की मृत्यूची नजर त्याच्यावर पडू नये. ‘ओझोएमेना’ म्हणणारा माणूस समोर उभा राहून ‘आता पुरे’ असे म्हणतो. मला त्या धिटाईबद्दल आदर आहे, आणि आत्याबाईंच्या मनात तुमच्या लेकीबद्दल मायाच आहे याबद्दल मला शंका नाही.

पण मायेने दिलेले नावही मुलाला वागवावे लागते. आपल्याकडच्या ‘नकोशी’ आठवा. २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून अधिक मुलींना ‘नकुसा’ हे नाव टाकून समारंभाने नवी नावे दिली गेली, तेव्हा स्वतःसाठी नवे नाव निवडताना त्या मुलींना काय वाटले असेल याचा विचार मी कित्येक दिवस करत होते. इग्बोतही ‘न्वान्यीबुइफे’ असे मुलीचे नाव आहे; मुलगीसुद्धा काहीतरी आहे, असा त्याचा अर्थ. ते मुलीच्या बाजूने उभे राहते हे खरे, पण असे म्हणावे का लागले हे प्रत्येक हाकेबरोबर तिला आठवते. ‘ओझोएमेना’ची जात याहून फार निराळी आहे, त्यात तिरस्काराचा लवलेश नाही, तरीही आपण कोणाच्या तरी नंतर आलो ही गोष्ट ते नाव बाळाला रोज सांगणार. म्हणून तुमच्या मुलीला एकदा शांतपणे, दुसरे कोणी जवळ नसताना विचारा, की ते बाळ आपल्या या लेकीच्या नावात असावे असे तुला वाटते का. काही आयांना तसे मनापासून हवे असते, कारण गेलेल्या बाळाचे नाव बाकी कुठेच उरलेले नसते. ती हो म्हणाली तर तुम्ही एक शब्दही बोलू नका. ती नाही म्हणाली तर आत्याबाईंना ‘न्किरुका’ हे नाव सुचवता येईल. त्याचा अर्थ ‘पुढे आहे ते अधिक मोठे’. तेही त्यांच्याच परंपरेतले आहे, तेही दुःख पाहिलेल्या घराचेच वाक्य आहे, फक्त त्याचे तोंड पुढच्या बाजूला आहे. मात्र हे सुचवायचे ते मुलीने किंवा जावयांनी, तुम्ही नाही.

बाळ कोणत्या दिवशी जन्मते याकडेही त्यांच्याकडे लक्ष असते. इग्बो आठवडा, म्हणजे ‘इझू’, हा चार दिवसांचा असतो आणि एके, ओरिये, आफो, एन्क्वो हे त्याचे चार दिवस बाजारांच्या नावाने ओळखले जातात. ओकेके, ओकोरिये, ओकाफोर, ओकोन्क्वो ही पुरुषांची नावे त्यांवरूनच झाली. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये नायजेरियाला फुटबॉलचे सुवर्णपदक मिळवून देणारे कर्णधार एन्वान्क्वो कानू यांच्या नावातही ‘एन्क्वो’ आहेच. एकेच्या दिवशी जन्मलेल्या मुलीला ‘म्गबेके’ म्हणत, पण आता शहरांत हा शब्द गावंढळ बाईसाठी वापरतात, तेव्हा आपली माहिती दाखवण्यासाठी तो तुम्ही सुचवू नका.

हे चार दिवसांचे गणित तुमच्या कामाचे आहे. नामकरणाचा दिवस त्यांच्याकडे गावागणिक वेगळा असतो. पुष्कळ ठिकाणी सात इझू, म्हणजे २८ दिवस झाल्यावर बाळाला बाहेर आणतात, तर ख्रिस्ती घरांत आठवा दिवसही धरतात. तुमचे बारसे बाराव्या दिवशी, आणि बारा दिवस म्हणजे बरोबर तीन इझू. व्याह्यांना हे असे मोजून सांगा. बाराव्या दिवसाला त्यांच्या पंचांगात परकेपणा उरत नाही. इंग्लंडमध्ये जन्माची नोंद ४२ दिवसांच्या आत करावी लागते, त्यामुळे दोन्हीकडचे सोहळे होऊन मग सर्व नावे शांतपणे लिहिता येतील. नावांचा क्रम आणि इंग्रजी अक्षरे मात्र आधी कागदावर लिहून दोघांनी नक्की करावीत, कारण पासपोर्टपासून शाळेपर्यंत पुढे तेच चालते.

आता मुक्ता. इग्बो घरात आजोबा, आजी, आई, बाप असे प्रत्येक जण बाळाला आपले नाव देऊ शकतात आणि ज्याने जे नाव दिले त्याच नावाने तो तिला आयुष्यभर हाक मारतो. तुम्ही मुक्ता म्हणा, ते न्नेन्ना म्हणतील. शिवाय आईचे माहेर, म्हणजे आपण ज्याला मुलाचे आजोळ म्हणतो, त्याला त्यांच्याकडे विशेष मान आहे. आजोळी गेलेल्या मुलाला ‘न्वादियाना’ म्हणतात आणि त्याला तिथे कोणी रागावत नाही. ‘न्नेका’ हे नावही त्याच भावनेचे आहे : आई थोर. फक्त ‘मुक्ता’ हे नाव ‘आम्हाला आवडते’ एवढ्यावर सोडू नका. ज्यांची नावे वाक्ये असतात ते तुम्हाला अर्थ विचारणारच. मुक्ता म्हणजे मोती आणि मुक्ता म्हणजे मोकळी, हे सांगा. रुसून दार लावून बसलेल्या थोरल्या भावाची समजूत घालून त्याला दार उघडायला लावणारी ती आमच्या संतांतली धाकटी बहीण, हेही सांगा. तुमचे व्याही ते विसरणार नाहीत.

मुलगी तुम्हाला ‘यात पडू नकोस’ म्हणाली, याचे वाईट वाटून घेऊन दूर राहू नका, कारण त्या घरात तुमच्यासाठी एक जागा आधीच ठरलेली आहे. ‘ओमुग्वो’ हा शब्द जावयांना म्हणून दाखवा आणि त्यांचा चेहरा पाहा. बाळंतिणीच्या आईने लेकीच्या घरी जाऊन तिची आणि बाळाची सर्व काळजी घ्यायची, या रीतीला ते ओमुग्वो म्हणतात. तो तिचा हक्क असतो आणि काम आटोपून परतताना तिची लुगड्यांनी, भेटींनी पाठवणी होते. एनुगूला आमच्या शेजारी अशीच एक आजी आली होती. पहाटे चुलीवर पाणी तापवायची, फडके त्यात बुडवून पिळायची आणि लेकीचे पोट दोन्ही हातांनी शेकायची. मग यामच्या फोडींचा मिरीच्या चवीचा झणझणीत कढ तिला प्यायला लावायची. त्यात ‘ऊदा’ नावाच्या काळ्या शेंगा पडत. तो वास पहिल्यांदा आला तेव्हा मला माझ्या आईच्या शेगडीवरचा ओवा आणि बाळंतशोपा आठवल्या होत्या आणि मी ओसरीवर बसून रडले होते. तुम्ही अळीव, डिंक आणि खारका घेऊन जाल, आत्याबाई ऊदा आणतील. कोणते कधी द्यायचे ते डॉक्टरांना आणि लेकीला विचारून ठरवा.

नाव उच्चारायला मात्र आत्तापासून शिका. देवनागरीत मी ‘न्नेन्ना’ लिहिले, पण सुरुवातीच्या ‘न्’ला स्वतःचा सूर आहे आणि तो क्षणभर थांबून म्हणायचा असतो. इग्बो ही सुरांची भाषा आहे. ‘अक्वा’ हा एकच शब्द सूर बदलला की रडणे, कापड किंवा अंडे होतो, आणि ते सूर लिहिण्याची सोय आपल्या लिपीत नाही. जावयांना व्हॉट्सॲपवर तिन्ही नावे बोलून पाठवायला सांगा आणि रोज दोनदा ऐकून म्हणा. त्यांच्याकडून ‘मुक्ता’तला ‘क्त’ नीट आला नाही तर तुम्हीही तसेच पाठवा.

आणि या रविवारी व्याह्यांना तुम्ही होऊन फोन करा. नावाचा विषय काढू नका. त्यांच्या पत्नीचे स्वतःचे नाव काय होते ते विचारा, ते तिला कोणी आणि कशावरून ठेवले होते ते विचारा, आणि त्या काय रांधत, कशावर हसत, रागावल्या की काय करत, हेही विचारा. ते सांगत असताना मध्ये बोलू नका. हे सारे तुम्हाला न्नेन्नाला पुढे कधीतरी सांगावे लागणार आहे. मग आत्याबाईंना फोनवर बोलवा आणि सांगा की आमच्याकडे बाराव्या दिवशी बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचाच असतो, तेव्हा पाळण्यापाशी त्यांनीच उभे राहायचे आहे. ‘कुर्र’ कसे म्हणायचे ते त्यांना शिकवा, आणि त्यानंतर पाठीवर धपाटे बसतात हेही आधीच सांगून ठेवा.